घराच्या भिंती आणि इंटरनेटची तार

‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण मराठी माणसे केवळ आपलीच समजतो. परंतु आमच्या नारायणगुड्यात कन्नड शेजारीण तीच म्हण ‘मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु’ अशी म्हणते आणि तेलुगू शेजारी ‘इल्लु कट्टि चूडु, पेळ्ळि चेसि चूडु’ असे ऐकवतात. भाषा तीन, पण अनुभव एकच. ही म्हण ज्यांनी केली त्यांना वाळू, चुना, गवंडी आणि सुतार एवढ्यांचाच ताप ठाऊक होता. आज त्यात आणखी एकाची भर पडली आहे, ती म्हणजे इंटरनेटची तार.

आमचे जुने बैठे घर पाडून त्या जागी इमारत उभी राहिली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन शयनगृहांच्या घराचे काम गिलाव्यापर्यंत आले, तेव्हा वडिलांनी ही तारेची बाजू माझ्याकडे सोपवली. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. जमाखर्चाशी माझी ओळख, विजेशी नाही. तेव्हा आधी वाचले, जाणकारांना विचारले आणि मग काम करवून घेतले. त्यातून जे समजले ते येथे मांडतो आहे. ज्यांच्या घरी बांधकाम चालू आहे त्यांना त्याचा थोडा तरी उपयोग व्हावा, हीच इच्छा.

पहिला प्रश्न असा की, आजकाल सारे बिनतारी असताना भिंतीत तार घालायचीच कशाला? आमच्या इलेक्ट्रिशियननेही हाच सवाल केला. “सब वायफाय पे चलता, पाइप कायकू?” असे त्याचे अस्सल हैदराबादी म्हणणे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी इंटरनेट घरापर्यंत कसे येते, ते पाहू.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. त्या वेळी टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमच्या किरकिराटासह, माहिती थेंबाथेंबाने येई. पुढे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ‘ब्रॉडबँड’ म्हटले. २०१३ मध्ये ती मर्यादा ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ पासून ती २ मेगाबिट आहे. आज आपल्या घरी येणारे साधे कनेक्शनसुद्धा याच्या कितीतरी पट वेगाचे असते. हा पालट घडवला तो मुख्यतः काचेच्या तंतूने, म्हणजे ऑप्टिकल फायबरने.

हा तंतू केवळ १२५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्याच्या मधल्या सुमारे ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून प्रकाश धावतो. ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ केले ते पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी. काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून संदेश दूरवर नेता येतील, हे १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी दाखवले आणि त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. हैदराबाद ते पुणे हे साडेपाचशे किलोमीटरचे अंतर तो एका सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम तीन भागांत कापतो.

कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक तंतू गल्लीपर्यंत येतो आणि तेथे ‘स्प्लिटर’ नावाच्या छोट्या डबीत त्याला फाटे फुटतात. या डबीला वीज लागत नाही. ती प्रकाशाची फक्त वाटणी करते. एका तंतूचे ३२ किंवा ६४ वाटे सर्रास होतात. म्हणजे आपल्या घरी येतो तो मूळ प्रकाशाचा चौसष्टावा हिस्सा, किंबहुना त्याहूनही थोडा कमी. त्यात तंतूला कोठे तीव्र वळण पडले, तर प्रकाश त्या वळणावर बाहेर सांडतो. म्हणून साधा नियम असा की, बांगडीपेक्षा लहान वळण फायबरला देऊ नये. वायर गुंडाळून, खिळ्याला पीळ देऊन टांगण्याची आपली सवय येथे मुळीच चालत नाही. जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाकडे प्रकाश मोजण्याचे लहानसे यंत्र असते. त्यावरचा आकडा ‘उणे’मध्ये येतो. उणे २० च्या आसपास असला तर उत्तम. तो उणे २७ च्या पलीकडे घसरला, तर जोडणी पुनःपुन्हा तुटू लागते. तंत्रज्ञ घरी आला की हा आकडा विचारून वहीत टिपून ठेवावा. पुढे कधी तक्रार करण्याची वेळ आली, तर बोलण्याला आधार राहतो.

फायबर घरात येऊन ज्या पेटीत शिरतो, ती पेटी प्रकाशाचे विजेच्या संदेशात रूपांतर करते. तिला ओएनटी म्हणतात. राउटर हे दुसरे काम आणि वायफाय हे तिसरे. हल्ली ही तिन्ही कामे बहुधा एकाच पेटीत असतात, त्यामुळे आपण सरसकट सगळ्यालाच ‘राउटर’ म्हणतो. पण कामे वेगळी आहेत हे ध्यानात ठेवले, तर बिघाड नेमका कोठे आहे ते चटकन कळते.

राउटरचे काम समजायला जुन्या वाड्याचा दाखला पुरेसा आहे. वाड्याचा पत्ता एक, आत बिऱ्हाडे दहा. पोस्टमन सगळी पत्रे दरवाज्यावर देतो आणि कोणते पत्र कोणत्या बिऱ्हाडाचे, हे वाड्याचा कारभारी पाहतो. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत एकंदर पत्तेच मुळी ४२९ कोटींच्या आसपास. जगातल्या प्रत्येक फोनला आणि संगणकाला स्वतंत्र पत्ता पुरणार कोठून? म्हणून साऱ्या घराला मिळून बाहेरचा एक पत्ता आणि घरातल्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे आतले खोली-क्रमांक, अशी सोय केलेली असते. क्रमांक वाटणारा आणि पत्रे पोहोचवणारा कारभारी म्हणजे राउटर. नवे पत्ते आता अफाट संख्येने उपलब्ध झाले आहेत, परंतु ही जुनी व्यवस्था अजून पुष्कळ घरांत सुखेनैव नांदते आहे.

आता इलेक्ट्रिशियनच्या प्रश्नाकडे वळू. वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या, २.४ गिगाहर्ट्झच्या आणि ५ गिगाहर्ट्झच्या. पहिलीची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, दुसरीची सहा. पहिली भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोचते, पण तिच्यावर गर्दी फार. शेजाऱ्यांचे वायफाय, ब्ल्यूटूथ आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह ही सारी मंडळी तेथेच दाटीवाटीने बसलेली. दुसरी वेगवान, पण नऊ इंची विटेची भिंत आडवी आली की थकते. सिमेंट-काँक्रीटचा खांब, आतल्या सळ्या, फ्रीज, मोठा आरसा, पाण्याची टाकी हे तर दोघींचेही शत्रू.

दुसरी गोष्ट अशी की, वायफाय हे गल्लीतल्या सार्वजनिक नळासारखे आहे. रांगेत उभे सगळेच असतात, पण एका वेळी घागर एकाचीच भरते. घरात टीव्ही, दोन-तीन फोन आणि बहिणीचा अभ्यासाचा संगणक एकदम चालू असले की प्रत्येकाला थांबावे लागते. हे थांबणे क्षणाच्या शतांशाचे असते, म्हणून सिनेमा पाहताना ते कळत नाही. समोरासमोर बोलताना मात्र कळते. तारेने जोडलेल्या यंत्राला ही रांग नाही.

आमच्या घरी हा प्रश्न केवळ सोयीचा नव्हता. माझी आई रोज संध्याकाळी पडद्यावरून परगावच्या मुलांना मराठी शिकवते. ज्या मुलांच्या शाळेत मराठी नाही, त्यांच्या घरून मागणी येते. या शिकवणीच्या पैशांतून घराच्या कर्जाच्या हप्त्याचा मोठा भाग निघतो. ‘ळ’ चा उच्चार शिकवताना आवाज तुटला, तर मूल ‘ल’ शिकते. पालक एक-दोनदा समजून घेतात, तिसऱ्यांदा घेत नाहीत. तेव्हा आम्हाला हवा होता तो वेग नव्हे, स्थैर्य. अशा शिकवणीला दोन्ही बाजूंनी तीन-चार मेगाबिट पुरतात, पण ते सलग मिळावे लागतात.

येथे वेगाच्या मापाविषयी दोन शब्द सांगणे इष्ट होईल. जाहिरातीतला आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि आपण फाइल मोजतो मेगाबाइटमध्ये. आठ बिटांची एक बाइट होते. शेरात मोजलेला माल पायलीत मोजला की आकडा लहान दिसतो, तसेच हे. १०० मेगाबिटचे कनेक्शन म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. १००० मेगाबाइटची फाइल उतरायला ८० सेकंद लागणारच. यात कंपनीने आपल्याला फसवले असे समजू नये.

एवढे समजल्यावर आम्ही घराचा नकाशा पुढे घेतला. दाराजवळ, इमारतीच्या उभ्या शाफ्टला लागून असलेल्या कपाटात ओएनटीची जागा ठरली. तेथून पाच तारा पाच ठिकाणी काढल्या. एक टीव्हीमागे, एक आईच्या शिकवणीच्या टेबलापाशी, दोन्ही शयनगृहांत एकेक आणि पाचवी घराच्या मधोमध असलेल्या बोळाच्या छताला. प्रत्येक तार कपाटातून थेट आपापल्या ठिकाणी जाते. एकीतून दुसरी फाटा काढून नेलेली नाही. त्यामुळे एक तार बिघडली तरी बाकीच्या चार चालू राहतात. छताच्या टोकाला वायफायचे वेगळे यंत्र लावले, म्हणजे लहरी घराच्या मध्यातून चारही दिशांना सारख्या पसरतात. राउटर कपाटात कोंडून ‘रेंज येत नाही’ म्हणण्यात अर्थ नसतो. समई देवघरात ठेवून दार लावून घेतले, तर ओसरीवर उजेड कसा पडेल?

तारेविषयी थोडेसे. आम्ही ‘कॅट सिक्स’ प्रकारची तांब्याची तार घेतली. तिच्यात आठ तारा चार जोड्यांनी एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नाही. बाहेरचा विजेचा खडखडाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि यंत्र फक्त दोहोंतला फरक वाचते, म्हणून खडखडाट वजा होतो. ही युक्ती टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची, १८८१ ची. अशी तार १०० मीटरपर्यंत खात्रीने चालते. घरात एवढे अंतर कोठून येणार!

बाजारात मात्र सावध राहावे. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी स्वस्त तारही त्याच नावाने विकली जाते. ब्लेडने टोक जरासे खरवडावे. आत पांढरी चमक दिसली, तर ती परत करावी. टोकांच्या जोडणीत रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच हवा. रूढ क्रम असा: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. गिगाबिट वेगाला चारही जोड्या लागतात, तर शंभर मेगाबिटला दोनच पुरतात. म्हणून एखादी जोडी तुटली तरी काम चालू राहते, फक्त वेग शंभरावर अडकतो आणि कारण कोणालाच कळत नाही. यासाठी रंगकाम सुरू होण्यापूर्वी टेस्टरचे आठही दिवे पाहून घ्यावेत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाइप. विजेच्या तारांच्या पाइपमधून ही तार कधीही नेऊ नये. तिचा पाइप वेगळा आणि समांतर जाताना किमान एक वीत दूर असावा. ओलांडायचेच झाले, तर काटकोनात ओलांडावे. हा नियम वेगासाठी आहे, तसाच जिवासाठीही आहे. विजेच्या तारेचे आवरण फाटले, तर तो प्रवाह संगणकाच्या तारेतून कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. पाइप ऐसपैस घ्यावा आणि रिकाम्या पाइपातही नायलॉनची दोरी ओवून ठेवावी. वीस वर्षांनी कोणती तार येईल ते आज कोण सांगणार? पण दोरी असली, तर तीही तार भिंत न फोडता आत जाईल. गिलावा होण्यापूर्वी सर्व भिंतींचे फोटो काढून ठेवले, तर पुढे खिळा ठोकताना पाइप फुटत नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. खर्च दोन खात्यांत मांडला. भिंतीतला खर्च असा: तार २१०० रुपये, पाइप व डब्या १९००, पाच सॉकेट १२५०, मजुरी २५००, एकूण ७७५०. यंत्रांचा खर्च: छतावरचे वायफाय २७००, स्विच व लहान दोऱ्या १३००, एकूण ४०००. दोहोंचे आयुष्य वेगळे, म्हणून घसाराही वेगळा धरला पाहिजे. भिंतीतला माल २० वर्षे टिकेल असे धरले, तर वर्षाला सुमारे ३८८ रुपये. यंत्रे ५ वर्षांत बदलावी लागतील असे धरले, तर वर्षाला ८००. दोन्ही मिळून महिन्याला शंभराच्या आत. याउलट दरमहा ७०० रुपयांच्या योजनेवर १८ टक्के जीएसटी धरून ८२६ रुपये जातात. म्हणजे आपण ज्या खर्चावर घासाघीस करतो, तो एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो. शिवाय भिंतीतला खर्च गिलाव्याआधीच स्वस्त पडतो. नंतर तेच काम करायचे, तर भिंत कापणे, पुट्टी, रंग आणि घरभर धूळ, हे सारे वर येते.

यंत्रे लावल्यावर दोन कामे त्याच दिवशी करावीत. राउटरच्या पाठीवर छापलेला पासवर्ड बदलावा आणि वायफायची सुरक्षा डब्ल्यूपीए-टू किंवा डब्ल्यूपीए-थ्री आहे ना, ते पाहावे. वाड्याच्या दिंडीची किल्ली दारावरच टांगून कोणी झोपी जात नाही. तिसरे काम विजेचे. ओएनटी आणि वायफाय मिळून साधारण १० वॅट खातात, म्हणजे महिन्याला सातेक युनिट. वाटेतल्या स्प्लिटरला वीज लागत नसल्याने, घरातली पेटी छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालत राहिली आणि कंपनीच्या केंद्रात वीज असली, की दिवे गेले तरी इंटरनेट जात नाही.

इतके सारे करूनही एक गोष्ट आपल्या हाती नसते, आणि ती म्हणजे रस्त्यावरचा खांब. आपल्या शहरात विजेच्या खांबांवर केबलींची जी जाळी लोंबतात, ती नारायणगुडा, हिमायतनगर, काचीगुडा येथे हिंडणाऱ्याला वेगळी सांगायला नको. ऑगस्ट २०२५ मध्ये रामंतापूर येथे जन्माष्टमीच्या मिरवणुकीत विजेचा धक्का बसून पाच जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर खांबांवरच्या केबली कापण्याची मोहीम निघाली, शहराच्या अनेक भागांत इंटरनेट बंद पडले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. आम्ही तेव्हा जवळच भाड्याच्या घरात होतो. आईची शिकवणी तीन दिवस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कशीबशी चालली. त्या दिवसांत आमच्याकडे चिडचिड झाली नाही असे नाही. पण आजीने एवढेच म्हटले, “आपली तार जोडता येईल. त्यांची माणसं?” त्यावर कोणाजवळच उत्तर नव्हते.

विचार केला तर या जाळ्याला आपणही हातभार लावतोच. ‘आजच्या आज जोडणी द्या’ असा आपला हट्ट असतो. जुनी कंपनी सोडली की तिची मृत तार तशीच लोंबत राहते आणि नवी तिच्यावर चढते. आमच्या इमारतीच्या सभेत म्हणून दोन गोष्टी ठरवून घेतल्या. सर्व कंपन्यांचे फायबर तळमजल्यावरच्या एकाच पेटीत यावे आणि तेथून शाफ्टमधून वर जावे. कोणीही गच्चीवरून किंवा खिडकीतून तार ओढू नये. आणि कनेक्शन सोडणाऱ्याने जुनी तार खांबापर्यंत काढून घ्यायला लावावी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल सोयींनुसार तारांकित मानांकन देण्याचे नियम केले आहेत. तेव्हा पाणी आणि वीज यांच्याप्रमाणे तारेची वाटही आराखड्यातच आखावी, हा विचार आता सरकारदरबारीही रुजला आहे.

तात्पर्य, इंटरनेट हवेतून येते असे आपल्याला वाटते, पण त्याचा बहुतेक प्रवास जमिनीतून, खांबावरून आणि भिंतीतून होतो. शेवटची दहा-पंधरा पावले तेवढी हवेतली. त्या वाटेकडे आपण जितके लक्ष देऊ, तितके ते आपल्याला साथ देईल, आणि रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसालाही त्याचा त्रास होणार नाही. ज्यांच्या घराचा गिलावा अजून व्हायचा आहे, त्यांनी या आठवड्यातच पाइपाचे काम मेस्त्रीच्या कानावर घालावे. तो “कायकू?” असे विचारीलच. उत्तर आता तुमच्यापाशी आहे.